द्वारका सिस्टर आणि गोठलेली बाटली

आधीच सांगून टाकतो, द्वारका सिस्टरांशी माझं कधीच पटलं नाही. अठरा वर्षं मी त्यांना जीपमधून हिंडवलं, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं आम्ही भांडत हिंडलो. वडवणी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचा मी ड्रायव्हर, त्या तिथल्या नर्स. उंची पाच फुटांच्या आत, पायात काळ्या पट्ट्यांची चप्पल, खांद्याला लसीचा निळा डबा. आवाज मात्र असा, की त्यांनी फाटकातून हाक मारली की मागं चहा पीत बसलेला शिपाई कप ठेवून उठायचा. मी उठायचो नाही. मग त्या दुसऱ्यांदा हाक मारायच्या, आणि मग मीही उठायचो.

सकाळी साडेआठला मी जीप लावायचो, तेव्हा त्यांच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर चार आईसपॅक मांडलेले असायचे. आईसपॅक म्हणजे बर्फाच्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या. निळ्या डब्यात त्या चारी बाजूंनी उभ्या लावायच्या आणि मधोमध लस ठेवायची. सिस्टर एकेक पॅक उचलायच्या, कानाशी नेऊन हलवायच्या, डोळे मिटून ऐकायच्या. एखादा डब्यात जायचा, एखादा परत टॉवेलवर. इकडं ऊन चढायचं, मी हॉर्न वाजवायचो.

"काय सिस्टर, गाणं लागलं का?"

"तुझ्या हॉर्नपरीस बरं हाय. गप बस."

हा विनोद मी हजारदा तरी केला असेल. त्या एकदाही हसल्या नाहीत.

दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. भांडी, कोंबड्या, शेळी, लेकरं, सगळं एका ट्रकात, आणि मग सहा महिने त्या लेकरांचा पत्ता कुणाला नसतो. या दिवसांत सिस्टरांना झोप नसायची. टोळी कधी हलणार हे मुकादमाच्या बायकोच्या आधी त्यांना कळलेलं असायचं. एका वर्षी गाडी पंक्चर झाली, आम्हाला अर्धा तास उशीर झाला (हे त्यांनी मला पुढं दहा वर्षं ऐकवलं) आणि फाट्यावर पोचतो तर ट्रक निघालेला.

"आडवी घाल," सिस्टर म्हणाल्या.

"अवो सरकारी गाडी हाय!"

"मग सरकारी आडवी घाल."

घातली. मुकादम लालबुंद होऊन उतरला. कारखान्यावर टायमात पोचायचंय, बाजूला व्हा, तुमची नोकरी घालवीन, असं बरंच बोलला. सिस्टर म्हणाल्या, "पोरांचे दंड माझे, बाकी ट्रक तुमचा," आणि मागच्या फळीवरून वर चढल्यासुद्धा. मुकादमानं त्याच्या पुढाऱ्याला फोन लावला आणि बाईंच्या हातात दिला. मला वाटलं, आता संपलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नमस्कार साहेब. तुमच्या नातवाला मीच टोचलंय. तव्हा पोरगं न्हाई रडलं, तुमी रडला व्हता." पलीकडून हसल्याचा आवाज आला. मुकादम बाजूला सरकला. अकरा लेकरांना सुया टोचून सिस्टर खाली उतरल्या, डोक्याच्या पदराला कोंबडीची पिसं चिकटलेली. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी पदर झटकला, पिसं सगळी माझ्या अंगावर. पण हे बोलायची सोय नव्हती.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. स्वतःच शोधली, स्वतःच ठरवलं, लसीची मोहीम संपवून मग ऑपरेशनला गेल्या. दोन वर्षांनी तीच बिमारी मेंदूत निघाली, डाव्या बाजूला, सुपारीएवढी. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, त्या सुपारीला किरणांचा शेक दिला. शेक देताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवतात. तो साचा सिस्टर घरी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगून त्यात लसूण ठेवला. मी पहिल्यांदा गेलो तर भिंतीवरून त्यांचाच चेहरा माझ्याकडं बघत होता. मी ओरडलोच.

"जाळी हाय. हवा लागती, लसूण सडत न्हाई," त्या म्हणाल्या. "टाकून काहून द्यायचा?"

शेकानं गाठ सुकली. सिस्टर कामावर परत आल्या, आठ महिने हिंडल्या, माझ्याशी भांडल्या. मग वैशाखात एका सकाळी रजिस्टरमध्ये एकाच लेकराचं नाव त्यांनी तीनदा लिहिलं. दोन दिवसांनी चमच्याला कुलूप म्हणाल्या. उठल्या उठल्या उलट्या, डोकं फुटेल असं दुखणं, आणि उजव्या हातातून वस्तू गळायला लागल्या, उजवा पाय फरफटायला लागला. बीडला फोटो काढला. डोक्यात डाव्या बाजूला पांढरा डाग, हाताच्या पंजाएवढा. फोटो काढणारा म्हणाला, गाठ परत उठली. घरी रडारड झाली. त्यांचे मालक रामकिसन भाऊजी, गावात त्यांची पिठाची गिरणी आहे, त्यांनी नारायणगडाच्या देवाला नारळाचा नवस बोलला आणि गिरणी बंद ठेवली.

भाऊजींबरोबर फोटो घेऊन औरंगाबादला मीच गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी एक वेगळी तपासणी मागवून घेतली होती. दोन्ही फोटो उजेडावर लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही गाठ नाही. गाठ मेलेली आहे. शेकानं आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, त्या झिरपतायत. हे सगळं पांढरं म्हणजे सूज आहे." ठिबकची नळी जागोजाग चिरली की सगळा वाफा चिखल होतो, तसं काहीतरी मला समजलं. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन आठवडे चालूच होत्या. त्यांनी सूज उतरली नव्हती, उलट सिस्टरांचं तोंड फुगून पुरीसारखं झालं होतं आणि साखर वाढली होती. बाई म्हणाल्या, एक टार्गेटेड औषध आहे. झिरपणाऱ्या वाहिन्यांना जो इशारा मिळतो, नेमका तोच ते अडवतं. शिरेतून द्यायचं, तीन आठवड्यांनी एकदा, चार वेळा. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. "पण लवकर द्या. सूज अशीच दाबत राहिली तर बोलणं जाईल, उजवा हात जाईल. गेलेलं परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

भाऊजींनी तिथंच हात जोडले. मरणाची तयारी करून आलेला माणूस, त्याला एकदम धावायला सांगितलं होतं.

सिस्टर तोवर बीडच्या एका खाजगी दवाखान्यात दाखल होत्या. प्रवास झेपणार नव्हता, म्हणून औषध बीडलाच द्यायचं ठरलं. फक्त बाटली औरंगाबादहून आणायची. ते काम मी मागून घेतलं. अठरा वर्षं थंड डबे वाहून नेलेला माणूस, माझ्याशिवाय कोण जाणार? मेव्हण्याची गाडी घेतली, आणि केंद्रातून सिस्टरांचाच निळा डबा मागून घेतला.

औषधवाल्यानं बाटली दिली ती थर्माकोलच्या एका टिचभर खोक्यात, आत दोन मऊ पिशव्या, धड थंडही लागत नव्हत्या. माझं टाळकं सटकलं. एवढं मोलाचं औषध आणि हे असलं खोकं? बाहेर बेचाळीसचं ऊन, गेवराईपर्यंत रस्त्याला सावली नाही. शेजारीच आईस्क्रीमचं दुकान होतं. त्याच्या फ्रीजमध्ये मी येताना माझे चार आईसपॅक ठेवले होते, दगडासारखे गोठलेले. ते निळ्या डब्यात लावले, मधोमध बाटली तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट घट्ट बसवली, झाकण आवळलं. औषधवाल्याचा तो थर्माकोलचा आणि मऊ पिशव्यांचा पोरखेळ तिथंच टाकून दिला. शहागडचा पूल ओलांडताना मी गाणं म्हणत होतो, हे मला अजून आठवतं.

चार वाजता बीडला पोचलो. खोलीत सिस्टर उशाला टेकून बसलेल्या. दोन दिवसांत त्यांची वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, "तेवढं". पाणी हवं असलं तरी तेवढं, डोकं दुखलं तरी तेवढं. उजवा हात मांडीवर पडलेला, पण बोटं हलत होती. डाव्या हाताला सलाईन. तरुण डॉक्टर, नर्स, भाऊजी, सगळे माझी वाट बघत उभे. मी ऐटीत झाकण उघडलं. आतून धूर निघाला.

"बघा, कसं थंडगार आणलंय!"

नर्सनं बाटलीचं खोकं काढलं. सिस्टरांनी मान वर केली, डाव्या हातानं डब्याकडं खूण केली. मला वाटलं, आपला डबा ओळखला. मी कौतुकानं त्यांच्यापुढं धरला. त्यांनी एक आईसपॅक ओढून काढला, कानाशी नेला आणि हलवला. परत हलवला. मग माझ्याकडं बघितलं. ती नजर कशाची, ते मला कळेना.

"तेवढं," त्या म्हणाल्या. जोरात. "तेवढं! तेवढं!" आणि मान नकारार्थी हलवायला लागल्या.

भाऊजी रडकुंडीला आले. "अगं घे ना द्वारके. ह्यो बबन सकाळधरनं उपाशी गेलाय तुझ्यासाठी."

डॉक्टर म्हणाले, "या सुजेत पेशंट असा गोंधळतो. वेळ घालवायला नको. रक्तदाब बरोबर आहे, मिस्टरांची सही आहे. नर्सबाई, तयारी करा."

दवाखान्याची नर्स पलंगाकडं पाठ करून टेबलाकडं वळली, तेवढ्यात द्वारका सिस्टरांनी काय करावं? डाव्या हाताची बोटं वळवून सलाईनच्या नळीवरची चकती अंगठ्यानं खाली ढकलली. नळी बंद. थेंब थांबले. नर्सनं परत उघडली. त्यांनी परत बंद केली आणि अंगठा तिथंच दाबून धरला. पुरीसारखं फुगलेलं तोंड, डोळ्यांतून पाणी, पण अंगठा हलेना. भाऊजींनी तो सोडवायला हात पुढं केला.

"थांबा भाऊजी," मी म्हणालो. कसं सुचलं देव जाणे. अठरा वर्षं ज्या गोष्टीची टिंगल केली, ती मी पहिल्यांदा करून बघितली. मांडीवर पडलेला तो आईसपॅक उचलला, कानाशी नेला, हलवला. आत काहीच वाजलं नाही. दगड हलवल्यासारखं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिस्टर ते पॅक टेबलावर टॉवेलवर का मांडायच्या, पॅकना घाम फुटायची वाट का बघायच्या. बर्फ थोडा सुटून आतलं पाणी खळखळलं, तरच तो पॅक लसीशेजारी ठेवायचा. नाहीतर बर्फ लसीलाच गोठवतो. गोठली की लस मेली. मी बाटली खोक्यातून काढून खिडकीशी धरली. आत पाणी नव्हतं. पांढरा भुगा होता.

डॉक्टरांनी बाटली माझ्या हातातून घेतली, आडवी केली, उभी केली. भुगा जागचा हलला नाही. त्यांनी औरंगाबादला फोन लावला. बोलणं दोन मिनिटांचंच झालं. गोठलेलं देऊ नका, वितळलं तरी त्याचा उपयोग नाही. दुसरी बाटली सोमवारी दुपारी येईल. तो शुक्रवार होता.

सिस्टरांनी चकतीवरचा अंगठा काढला आणि डोळे मिटले. भाऊजी बाहेर जाऊन पायरीवर बसले. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी सुखानं खाल्ली असती.

शनिवार, रविवार मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. सूज ओढणारं सलाईन चालू होतं, स्टिरॉइड वाढवलं होतं. दर दोन तासांनी डॉक्टर येऊन म्हणायचे, माझा हात दाबा. शनिवारी सकाळी सिस्टरांच्या उजव्या बोटांनी थोडं दाबलं. संध्याकाळी नुसती हलली. रविवारी दुपारी हलली नाहीत. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या हातानं या तालुक्यातली निम्मी लेकरं टोचली होती. माझी दोन्ही पोरं त्याच हातानं टोचली होती. तो गादीवर पडला होता, आणि डॉक्टर म्हणत होते, प्रयत्न करा सिस्टर, प्रयत्न करा. त्या करत होत्या. कपाळावरची शीर ताठ झालेली मला दारातून दिसत होती.

सोमवारी परत गेलो. औषधवाल्यानं जसं खोकं दिलं तसंच शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला, आणि वाटेत एकदाही हात लावला नाही. तीन वेळा गाडी थांबवून नुसतं बघितलं मात्र. बीडला सगळ्यांसमोर सिस्टरांनी खोकं उघडायला लावलं, पिशवी डाव्या हातानं दाबून बघितली, बाटली उजेडाला धरायला लावली. पाण्यासारखी स्वच्छ. मग त्यांनी मान हलवली. औषध दीड तास थेंब थेंब जात राहिलं. तेवढा वेळ खोलीत कुणी बसलं नाही, सगळे उभेच.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. भाऊजींनी जेवण सोडल्यासारखंच केलं होतं. पाचव्या दिवशी उलटी थांबली. आठव्या दिवशी सकाळी भाऊजी नेहमीसारखे उशाशी बसले होते, आणि सिस्टर त्यांच्याकडं बघून हळू पण स्पष्ट म्हणाल्या, "दाढी करा." भाऊजी धावत व्हरांड्यात आले. पंचावन्न वर्षांचा गडी, हसतोय का रडतोय ते कळेना. "बबन, दाढी करा म्हणली! चल, न्हावी दाखव!"

तीन आठवड्यांनी दुसरा फोटो काढला. पांढरा डाग निम्म्यावर आला होता. पुढं चारही डोस झाले, दर वेळी बाटली मीच आणली. बोलणं परत आलं, थोडं थांबून थांबून. पाय सुधारला. उजवा हात खांद्यापासून वर जायला लागला, पण बोटांत पकड आली नाही. सिस्टरांनी सुई परत कधी धरली नाही. मी डॉक्टरीणबाईंना एकदा गाठून विचारलं, ते तीन दिवस वाया गेले नसते तर? त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. मी म्हणालो, अंदाजानं सांगा. त्या म्हणाल्या, अंदाजानंही नाही.

त्यानंतर वर्षभर सिस्टर बऱ्या होत्या. मग मूळ बिमारी यकृतात निघाली. ती वेगळी गोष्ट, तिच्यावर तो इलाज नव्हता, आणि त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्या घरी गेलो होतो. मी तोवर निवृत्त झालो होतो. ओट्यावर त्या एकट्याच बसल्या होत्या, भाऊजी गिरणीत. इकडचं तिकडचं बोललो. नवी नर्स पोरगी चांगली आहे म्हणाल्या, पण चपला फार वाजवते. मग मी धीर केला.

"सिस्टर, एक विचारू? हात माझ्यामुळं गेला का?"

त्यांनी डाव्या हातानं पदराचं टोक सरळ केलं. शब्द शोधत होत्या की काय बोलावं याचा विचार करत होत्या, मला कळलं नाही.

"डॉक्टर काय म्हणले?"

"सांगता येत न्हाई म्हणल्या."

"मग मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. खोटं बोलून मला मोकळं करणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. मग म्हणाल्या, "पर बाटली गोठली ती माझ्यामुळं."

"असं कसं सिस्टर? मी..."

"गप. ऐक." एकेक शब्द त्या जागेवर ठेवल्यासारखा ठेवत होत्या. "अठरा वर्सं शेजारी बसलास. गावोगावच्या आशाताईंना शिकवलं, शिपायाला शिकवलं. तुला एक दिवस सांगितलं न्हाई. मला वाटायचं, ड्रायव्हर हाय, ह्याला काय करायचंय."

मला रडू आलं, आणि खरं सांगतो, रागही आला. कारण त्यांना तसं वाटायचं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच रागानं तर मी अठरा वर्षं हॉर्न वाजवत राहिलो. त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. चहा करता येत नाही म्हणाल्या, पाणी घे आतून. मी आत जाऊन पाणी प्यालो.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्या दारापर्यंत आल्या. मी म्हणालो, कडी लावून देतो बाहेरून. त्या म्हणाल्या, "माझी मी लावते, तू जा." दार बंद झालं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, पण बसली नाही. परत सरकली, परत सुटली. डाव्या हाताला ती कडी उलटी पडत होती. मी फाटकाशी उभा राहिलो. जावं, ढकलून मदत करावी, काही कळेना, आणि त्यांनी तर नको म्हटलं होतं. चौथ्या वेळी कडी बसली. आतून त्यांचा आवाज आला, "अजून उभाच का? जा म्हणलं न्हवं." मी गेलो.